‘डॉक्टर योजना घेताय का?’ – अण्णांच्या आजारपणात आम्हाला काय काय कळलं

अण्णांना हॉस्पिटलातून घरी आणून आता दीड महिना होत आला. त्या दिवसांत सरकारी आरोग्य योजनेतून उपचार कुठं आणि कसे होतील हे मी फोनवर इतक्या जणांना विचारलंय, आणि आता माझ्या ओळखीचे लोक मला तेच विचारायला लागलेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. थोडं लांबेल, पण जे घडलं ते तारखांसकट सांगते.

अण्णा ६६ वर्षांचे. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतात, आई आणि ते दोघंच. मी लग्नानंतर जुळे सोलापूरला, भाऊ पुण्यात. अण्णांनी ३१ वर्षं पॉवरलूमवर काढली, त्यातली बरीच टॉवेलच्या कारखान्यात. बिडी नाही, सिगरेट नाही, पण कापसाची धूळ मात्र आयुष्यभर नाकातोंडात गेली. शुगर २०११ पासून आहे. खोकला दिवाळीपासून होता. विचारलं की “काय न्हाई गं, थंडी हाय, जाईल की” एवढंच.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, चार दिवस बरं वाटायचं आणि परत सुरू. १० जानेवारीला त्यांनी स्वतःच सांगितलं, आता माझ्याकडं नका आणू, एमडी मेडिसिनला, म्हणजे शरीरातले सगळे आजार एकत्र बघणाऱ्या फिजिशियनला दाखवा, छातीबरोबर शुगरपण बघायला पाहिजे. हे त्यांनी वेळेवर सांगितलं याबद्दल मी त्यांचे उपकार मानते, कारण तोपर्यंत आम्ही थेट छातीच्या डॉक्टरकडं जायचं का शुगरच्या, यातच अडकलो होतो.

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, गावात गर्दी, रस्ते बंद, त्यामुळं १६ तारीख उजाडली. एका खाजगी क्लिनिकला गेलो. फी ५००, एक्सरे ४००, रक्ताच्या तपासण्या १,६५०. औषधं वेगळी. मी काउंटरवर केशरी रेशनकार्ड पुढं केलं आणि विचारलं, डॉक्टर योजना घेताय का? तिथल्या मुलीनं चांगलं बोलून सांगितलं, “ताई, ओपीडीला योजना नसती ओ. ॲडमिट असलं तरच. आणि आमचं हॉस्पिटल योजनेत नाही.”

मला तोपर्यंत वाटायचं की योजना म्हणजे मेडिक्लेमसारखं काहीतरी, कार्ड दाखवलं की डॉक्टरची फी माफ. तसं अजिबात नाहीये. महात्मा फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, दोन्ही आता आपल्याकडं एकत्रच चालतात, आणि त्यात डॉक्टर नसतो, हॉस्पिटल असतं. हॉस्पिटल योजनेत नोंदलेलं पाहिजे, ज्या विभागाचा आजार आहे तो विभाग तिथं योजनेत पाहिजे, आणि आजार यादीतल्या उपचारांत बसला पाहिजे. तीनही जुळलं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत कॅशलेस. डॉक्टर कितीही चांगला असला आणि त्याचं हॉस्पिटल योजनेत नसलं तर काही उपयोग नाही, आणि उलट एखादं हॉस्पिटल योजनेत असलं तरी तिथं फक्त हाडांचं किंवा किडनीचं योजनेत असू शकतं, मेडिसिनचं नसतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पुढचे फोन निम्मे वाचले असते.

१७ जानेवारीला दुपारच्या सुट्टीत हेल्पलाइनला फोन लावला, १५५३८८. लागायला तीन वेळा करावा लागला पण पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं. जिल्हा आणि विभाग टाकून हॉस्पिटलची यादी जीवनदायी डॉट गव्ह डॉट इन वर निघते हे त्यांनीच सांगितलं. आपल्याकडं अजून सगळे याला ‘जीवनदायी’च म्हणतात, कारण २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं. २०१७ ला नाव बदललं, पण लोकांच्या तोंडातलं तेच राहिलं. तुम्ही फोनवर जीवनदायी म्हणलात तरी समजतं त्यांना.

यादीतल्या सात हॉस्पिटलांना मी वहीत नाव-नंबर लिहून फोन केला. पहिल्या दोन फोनला मी “योजना आहे का” एवढंच विचारलं, दोघं “हो” म्हणाले आणि मी खूश. मग तिसऱ्या ठिकाणी आरोग्यमित्रांना, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्यांना, फोन जोडून दिला आणि त्यांनी मला विचारलं, “पेशंटला काय होतंय ताई? मेडिसिनचं का सर्जरीचं?” तेव्हा कळलं की प्रश्न असा विचारायचा असतो. मग परत सगळ्यांना फोन केले. मेडिसिन योजनेत आहे का, एमडी फिजिशियन रोज येतात का बाहेरून बोलावतात, आणि रात्री दोन वाजता आणलं तर योजनेतून घेता का. सातपैकी चार ठिकाणी मेडिसिन होतं, त्यातल्या दोघांनी रात्रीचं हो म्हणलं. सिव्हिल तर होतंच, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथं मेडिसिनचा मोठा विभाग आहे आणि योजनाही चालते. पण आईला सिव्हिलच्या गर्दीची भीती वाटायची आणि अण्णांना लांब चालवत नव्हतं, म्हणून अशोक चौकापासून रिक्षानं दहा मिनिटांवरचं एक निवडून ठेवलं. त्यांचा आरोग्यमित्रांचा नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह केला. पुढं हाच नंबर कामाला आला.

मग कार्ड. आयुष्मान कार्ड काढलं नसलं तरी रेशनकार्ड आणि आधारवर काम होतं असं हेल्पलाइनवर सांगितलं होतं, पण असलेलं बरं म्हणून १८ जानेवारीला अण्णांना घेऊन एका सेंटरला गेले. अण्णांचे अंगठे मशीनवर उठेनात. सूत जोडून जोडून बोटांच्या रेषाच गेल्यात त्यांच्या. ओटीपी घ्यावा म्हणलं तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. म्हणून २० तारखेला आधार केंद्रात मोबाइल नंबर बदलला, तेव्हा ५० रुपये लागले, पावती जपून ठेवा. पाच-सहा दिवसांत अपडेट झालं. २७ तारखेला परत केवायसी केली, तर आधारवर दत्तात्रय आणि रेशनकार्डावर दत्तोबा, नाव जुळेना म्हणून रिक्वेस्ट पेंडिंगला गेली. सेंटरवाल्यानं १०० रुपये घेतले. कार्ड फुकट असतं हे मला नंतर कळलं, आणि हे काम आयुष्मान ॲपवर घरीही करता येतं, चेहऱ्यावरून केवायसी होते त्यात. माझी आत्या ७३ वर्षांची आहे, तिचं वय वंदना कार्ड मी नंतर घरी बसून फोनवरच काढलं, ७० च्या पुढं फक्त आधार लागतं, रेशनकार्ड आणि उत्पन्न काही बघत नाहीत.

आणि एक, आमच्या शेजारच्या अक्का पांढरं रेशनकार्ड आहे म्हणून योजनेचा विचारच करत नव्हत्या. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवालेपण योजनेत आहेत. घरात कोणाला सांगायचं राहिलं असेल तर सांगा.

५ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे ६ तारीख लागली होती, अडीचला आईचा फोन. “अण्णा बसूनच हायेत, आडवं होता येईना, बोलता येईना.” मी घरातून निघेपर्यंत आईला १०८ ला फोन करायला लावला. गाडी वीस-बावीस मिनिटांत आली, फुकट असते ती. गाडीतल्या डॉक्टरांनी बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८२. ते सिव्हिलला नेणार होते, आईनं त्या निवडलेल्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तिथं फोन करून बेड आहे का विचारलं आणि मग तिकडं नेलं. मी नवऱ्याच्या गाडीवर मागून पोचले. रस्त्यात थंडी लागत होती का नव्हती काही आठवत नाही मला.

पोचले तेव्हा अण्णा कॅज्युअल्टीत होते, ऑक्सिजन लावलेला, शुगर ३४८. फिजिशियन मॅडम वीस मिनिटांत आल्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न आजाराचा नाही विचारला, “काम काय करायचे?” असं विचारलं. पॉवरलूम म्हणल्यावर मान हलवली, किती वर्षं, खिडक्या असायच्या का, घरात चूल होती का, सगळं विचारून घेतलं. मग मनगटातून एबीजीसाठी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड बघायला, रक्त घेतलं, ते दुखतं, अण्णांनी हात ओढला, मी धरून ठेवला. सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुना आजार आहे, त्यावर न्यूमोनिया झालाय, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय, आयसीयूत घ्यावं लागेल असं त्यांनी मराठीत समजावून सांगितलं.

अनामत २० हजार भरा असं काउंटरवर म्हणाले. मी योजना म्हणलं. तिथल्या माणसानं सांगितलं, मंजुरी सकाळी बघू, आता भरून ठेवा. माझ्याकडं तेव्हा सगळे मिळून ७ हजार होते. आईच्या फोनमधल्या नंबरवर आरोग्यमित्रांना लावला, पहाटे चारला, त्यांनी उचलला. त्यांनी काउंटरवर फोन द्यायला सांगितला. काय बोलले माहीत नाही पण अनामत भरावी लागली नाही. इमर्जन्सी असेल तर फोनवरून कळवून पेशंट आधी घेता येतो आणि कागदं ७२ तासांत द्यायची असतात हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे कागदं नाहीत म्हणून रात्री पेशंट परत न्यायची गरज नसते.

सकाळी नऊला आरोग्यमित्रांच्या टेबलाशी बसले. मूळ रेशनकार्ड, आधार, दोघांच्या झेरॉक्स. परत तेच, दत्तात्रय आणि दत्तोबा. कार्डाची रिक्वेस्ट पेंडिंगच होती. मला रडू आवरेना. ते म्हणाले, “टेन्शन घेऊ नका ताई, दुसरं काही ओळखपत्र आहे का?” आई घरी जाऊन लोखंडी पेटीतून जुनं मतदान कार्ड घेऊन आली, त्यावर दत्तोबा होतं, वडिलांचं नाव आणि पत्ताही रेशनकार्डाशी जुळला. ते चाललं. तेव्हा घरातून निघताना असतील नसतील तेवढी सगळी ओळखपत्रं एका पिशवीत घ्या, हे कशाला लागेल असा विचार करू नका.

मग बेडवर अण्णांचा फोटो काढला, एक्सरे, एबीजी, मॅडमची चिठ्ठी सगळं अपलोड केलं. दुपारी क्वेरी आली, एक रिपोर्ट वाचता येत नव्हता म्हणून. परत स्कॅन केला. ७ तारखेला संध्याकाळी साडेसहाला मंजुरी आली. ते दीड दिवस मी दर तासाला टेबलापाशी जात होते. माझा अनुभव सांगते, क्वेरी आली म्हणजे नाकारलं असं नसतं. कागद कमी आहे किंवा नीट दिसत नाही एवढंच बऱ्याचदा असतं, पण ते तिथल्या तिथं पूर्ण करून द्यावं लागतं, आणि त्यासाठी घरातलं कोणीतरी वाचता-लिहिता येणारं माणूस दिवसा हॉस्पिटलात पाहिजे. रात्री आई, दिवसा मी असं आम्ही वाटून घेतलं होतं. मी जिथं कामाला आहे त्या चादरीच्या दुकानाच्या मालकांनी आठ दिवस सुट्टी दिली, पगार न कापता.

आजाराचं थोडं सांगते, कारण एमडी मेडिसिन म्हणजे काय ते मला तिथं कळलं. दुसऱ्या रात्री अण्णांना बायपॅपचा, म्हणजे श्वास घ्यायला मदत करणाऱ्या मशीनचा मास्क लावला, तोंडावर घट्ट बसणारा. ते काढून टाकायचे. ऑक्सिजन ८९-९० दिसायचा आणि मी सिस्टरांच्या मागं लागायचे, वाढवा की, ९८ करा की. सिस्टर नाही म्हणायच्या, मला राग यायचा. मॅडमनी राउंडला मला बाजूला घेऊन सांगितलं, अशा पेशंटला ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायचं असतं, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो आणि पेशंट गुंगीत जातो. त्यानंतर मी त्या आकड्याकडं बघून घाबरायचं थांबवलं. मग फुप्फुसासाठी स्टिरॉइड दिलं की शुगर चढायची, ४१० पर्यंत गेली, म्हणून इन्सुलिन, इन्सुलिन दिलं की जेवणाच्या वेळा पाळायच्या, त्यात बीपी. एकच माणूस छाती, शुगर, बीपी, किडनी सगळ्याचा एकमेकांशी हिशोब लावत होता. आम्ही वेगवेगळ्या तीन डॉक्टरांकडं फिरलो असतो तर हे कोणी बघितलं असतं?

एक गोष्ट खटकली ती पण सांगते. ९ तारखेला एक इंजेक्शन बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, १,८४० रुपये. आणलं, दुसरं काय करणार. पण बिल नावानिशी पक्कं घेतलं आणि आरोग्यमित्रांना दाखवलं. ते म्हणाले मंजूर पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, बेड, पेशंटचं जेवण सगळं येतं, बाहेरून आणायला सांगता येत नाही. त्यांनी बोलल्यावर दोन दिवसांनी पैसे परत मिळाले. भांडण करावं लागलं नाही, पण बिल नसतं तर काही झालं नसतं. मेडिकलवाला साध्या कागदावर आकडा लिहून देत होता, मी थांबून छापील बिल मागितलं म्हणून.

सोबतच्या माणसाचं जेवण, चहा, रिक्षा हा खर्च आपलाच असतो. आमचे आठ दिवसांत तीन हजाराच्या आसपास गेले. शेजारच्या तेलुगू अक्कांनी रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली, ती आईनं रात्रीची खाल्ली.

१३ फेब्रुवारीला डिस्चार्ज. हॉस्पिटलचं बिल शून्य. दहा दिवसांची औषधं दिली, घरी जायचं एसटीच्या हिशोबानं भाडं दिलं, सह्या घेतल्या. सही करताना कागदावर काय लिहिलंय ते वाचा, आमच्याकडून पैसे घेतले का नाही याचा प्रश्न त्यात असतो, आणि तो कोरा ठेवून सही करू नका.

घरी आल्यावर पुढचा प्रश्न, आता दर महिन्याला काय? कारण परत ओपीडी आली, आणि ओपीडीला योजना नाही. मी मॅडमना स्पष्ट विचारलं, आम्हाला दर वेळी तुमची फी आणि बाहेरची औषधं झेपणार नाहीत. त्या अजिबात चिडल्या नाहीत. त्यांनी औषधांची कंपनीची नावं न लिहिता मूळ नावं लिहून दिली, म्हणजे जनऔषधी केंद्रात मिळतील. शुगर-बीपीच्या गोळ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात का बघा म्हणाल्या, बघितलं, मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी तिथं मिळाली. इनहेलर जनऔषधीतून. आणि मधल्या तपासणीला सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत गेलात तरी चालेल, ही फाइल दाखवा, असं त्यांनीच सांगितलं. इतकं मोकळेपणानं सांगणारा डॉक्टर मिळणं हे माझ्यासाठी योजनेइतकंच महत्त्वाचं होतं.

इनहेलरचं पण एक सांगायला पाहिजे. कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायची असते, अण्णांनी घरी आल्यावर पहिली गिळली. मग मी सिस्टरांनी दाखवलेलं रोज समोर बसून करून घेतलं. ओढल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. फ्लूची लस दर वर्षी घ्यायला सांगितलीय, ती योजनेत नाही, तिचे पैसे बाजूला ठेवावे लागतात.

२४ फेब्रुवारीला आम्ही सिव्हिलला गेलो. सकाळी आठला केसपेपरची रांग लावली, साडेअकराला नंबर लागला. गर्दी खरंच आहे, व्हीलचेअर शोधावी लागते, पाणी आणि बिस्कीट बरोबर ठेवा, विशेषतः शुगरवाला माणूस असेल तर. पण तिथल्या तरुण डॉक्टरनं फाइल पानन्‌पान वाचली आणि फुंकायची टेस्ट करून घेतली, पीएफटी म्हणतात ती. आईची भीती थोडी कमी झाली. २४ मार्चला परत मॅडमना दाखवलं, ऑक्सिजन ९४, शुगर उपाशीपोटी १३८. मॅडम म्हणाल्या, “आजोबा, आता कारखान्याच्या दारात गप्पा मारायला जरी गेलात तरी तोंडाला रुमाल बांधायचा.” अण्णा हो म्हणाले. आमचं कोणाचं इतक्या लवकर ऐकत नाहीत ते.

आता राहिलंय ते रेशनकार्डावरचं नाव. १८ मार्चला रेशन ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आधार आणि मतदान कार्डाची झेरॉक्स जोडून. ते झालं की आयुष्मान कार्डाची पेंडिंग रिक्वेस्ट परत टाकायची, म्हणजे पुढच्या वेळी पेटी शोधत आईला धावायला नको. ३ एप्रिलला बोलावलंय. पावती आईनं अण्णांच्या फाइललाच टाचून ठेवलीय. अण्णा म्हणतायत मी पण येतो, सही लागंल. तिथं वर चढायला जिना आहे, दोन मजले. म्हणलं थांबा, आधी मॅडमना विचारते.